सानशिंगदुईचे खड्डे आणि एका शब्दाचा घोळ

सोन्याच्या मुखवट्याचे आणि बाहेर आलेल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्यांचे फोटो बहुतेकांनी पाहिलेत, ते सानशिंगदुईचे, म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ठिकाणाचे, जिथे खड्ड्यांत पुरलेलं ब्राँझ, सोनं आणि हत्तीचे सुळे सापडले. १९२०च्या दशकात एका शेतकऱ्याला चर खणताना जेडच्या वस्तू सापडल्या, १९३४ला थोडंफार खोदकाम झालं, मग मधली बरीच वर्षं फार गाजावाजा नाही. १९८६च्या जुलैत वीटभट्टीसाठी माती काढणाऱ्या कामगारांना पहिला खड्डा लागला, ऑगस्टमध्ये जवळच दुसरा, आणि तोपर्यंत "चिनी संस्कृती म्हणजे पीत नदीचं खोरं, बाकी सगळं तिथूनच पसरलं" असं जे शिकवलं जायचं त्याला मोठा तडा गेला.

कारण साधं आहे. त्याच सुमाराला उत्तरेत, पीत नदीच्या बाजूला, अन्यांग या राजधानीत शांग घराण्याचे राजे ब्राँझची भांडी ओतत होते, हाडांवर पितरांना विचारायचे प्रश्न कोरत होते. इथे मात्र माणसं ओतलीयेत. चौथऱ्यासकट २.६२ मीटर उंच उभा पुरुष, ज्याच्या दोन्ही मुठी पोकळ आहेत पण एका रेषेत नाहीत, म्हणजे त्याने सरळ काठी धरलेली असूच शकत नाही, काहीतरी वाकडं धरलं असणार (हत्तीचा सुळा असं बरेच जण म्हणतात, मलाही ते पटतं). जवळपास चार मीटरचं ब्राँझचं झाड, फांद्यांवर नऊ पक्षी. १.३८ मीटर रुंद मुखवटा, बुबुळं १६ सेंटीमीटर पुढे आलेली. समुद्रापासून इतक्या आत असून हजारो कवड्या. आणि लिखाण? एक ओळ नाही. त्यामुळे इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात शू राज्याच्या (सिचुआनमधलं प्राचीन राज्य) पहिल्या राजाचे डोळे पुढे आलेले होते असं लिहिलंय, त्यावर सगळे टेकतात, पण मधे दीड हजार वर्षं आहेत हे कुणी फारसं बोलत नाही.

आता मुख्य घोळ. १९८६ला खोदणाऱ्यांनी या खड्ड्यांना 'जीसी खंग' म्हटलं. जीसी म्हणजे देवाला, पितरांना काही अर्पण करून केलेली पूजा. इंग्रजीत त्याचं सॅक्रिफाइस झालं, तिथून आपल्याकडे येताना 'बळीचे खड्डे' झालं, आणि बळी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रक्तच येतं. अन्यांगला ते खरंच आहे, राजांच्या थडग्यांपाशी माणसांच्या सांगाड्यांचे शेकडो खड्डे आहेत. सानशिंगदुईच्या पहिल्या खड्ड्यात जनावरांच्या जळक्या हाडांचे तुकडे होते, बाकी फोडलेलं, वाकवलेलं, जाळलेलं सामान. दुसऱ्या खड्ड्यात तर खाली छोट्या वस्तू, मग मोठं ब्राँझ आणि सगळ्यात वर हत्तीचे सुळे, असं थरांनी रचलेलं. काहींचं म्हणणं, हीच पूजेची रीत होती, जाळायचं, फोडायचं, पुरायचं. दुसरे म्हणतात हे पुरलेलं देवळाचं सामान आहे, राज्य पडलं किंवा घराणं बदललं आणि जुने देव बाजूला ठेवावे लागले. आपल्याकडे भंगलेली मूर्ती फेकत नाहीत, रीतसर विसर्जन करतात, तसंच काहीसं. नुसतं 'पुरल्याचा खड्डा' म्हटलं असतं तर पुढची निम्मी भांडणं झालीच नसती असं मला मनापासून वाटतं, पण अधिकृत अहवालापासून पाट्यांपर्यंत पहिलाच शब्द चिकटला.

२०१९ नंतर आणखी सहा खड्डे सापडले, काचेच्या बंद खोल्या उभारून, आतलं तापमान आणि दमटपणा सांभाळून, अंगभर सूट घालून खोदलं, रेशमाचे अंश मिळाले, वस्तू आणि तुकडे मिळून आकडा तेरा हजारांच्या घरात गेला. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट जून २०२२ची. आठव्या खड्ड्यातून एक अंग वाकवलेला, डोक्यावर भांडं असलेला माणूस निघाला, खालचा भाग नाही. आणि १९८६ला दुसऱ्या खड्ड्यातून निघालेले पक्ष्याचे पाय, वरचं धड नाही, इतकी वर्षं तसेच पडून होते. दोन्ही तुकडे बरोबर बसले! एकच मूर्ती फोडून दोन खड्ड्यांत गेली, म्हणजे ते दोन्ही खड्डे एकाच वेळी भरलेत. दरवर्षी किंवा पिढ्यान् पिढ्या पूजा करून एकेक खड्डा भरला असं म्हणणाऱ्यांना हे अवघड जातं. कार्बन डेटिंगही मोठ्या खड्ड्यांसाठी साधारण इ.स.पू. बाराव्या-अकराव्या शतकाकडेच बोट दाखवतं, आणि त्यानंतर थोड्याच काळात इथलं वैभव चेंगदू शहरातल्या जिनशा या ठिकाणी गेलेलं दिसतं. हे जिनशा २००१ला बांधकामाच्या खोदाईत सापडलं.

तरी सगळे आठही खड्डे एका दिवसाचे नाहीत. सहावा खड्डा सातव्याला कापून गेलाय, म्हणजे तो नंतरचा. त्यात मूर्ती नाहीत, सुळे नाहीत, १.७ मीटर लांब लाकडी पेटी आहे फक्त, आणि ती जवळजवळ रिकामी.