पेट्रोल गाड्या बंद होणार म्हणजे नेमकं काय?

"अमुक सालापासून पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी, घरातली गाडी भंगारात जाणार" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि गाडीचे हप्ते भरणाऱ्याला तो वाचून धडकी भरणं अगदी साहजिक आहे.

पण शून्य-उत्सर्जनाचे (म्हणजे धूर न सोडणाऱ्या गाड्यांचे) हे नियम बहुतेक करून कंपन्यांवर असतात, तुमच्यावर नाही. सुरुवात कॅलिफोर्नियात १९९० साली झाली, तेव्हा नियम असा होता की मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत १९९८ पर्यंत २ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात, म्हणजे सगळा हिशोब नव्या गाड्यांचा (पुढे तो नियम सैलही केला). ब्रिटनमध्ये २०२४ साठी नव्या कारमध्ये अशा गाड्यांचं २२ टक्क्यांचं टार्गेट होतं. नॉर्वेने तर बंदी न घालता, टॅक्सची सूट देऊन लोकांना इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळवलं, आणि जुन्या पेट्रोल गाड्या तिथे आजही रस्त्यावर आहेत.

मेसेज आला की मूळ नियम उघडून तीनच शब्द शोधा: "नवीन", "विक्री", "नोंदणी". तारीख त्यांनाच लागू असेल तर तुमची गाडी त्यात येत नाही. मात्र जुन्या गाडीच्या वयाचे किंवा धुराचे नियम वेगळे असतात, ते वेगळे तपासा.