मुलगा की मुलगी? वटवट्याची मादी बघते घरात मदतीला किती जण आहेत

खासगी बेट म्हटलं की रिसॉर्ट, हेलिपॅड नाहीतर कुठल्या तरी अब्जाधीशाचं लग्न, बातम्या पण तेवढ्याच येतात. हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशातलं कझिन बेट बघा. जेमतेम तीस हेक्टर, सगळीकडे नारळाची लागवड, आणि १९६८ मध्ये पक्षीसंरक्षण करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ते चक्क विकत घेतलं, कारण सेशेल्स वॉर्बलर (आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या बोरू वटवट्याचा नातेवाईक) जगात फक्त तिथेच उरला होता, तेही तिसाच्या आत. नारळ हटवले, मूळचं जंगल परत वाढलं, पानांखाली किडे वाढले आणि पक्षी तीनशेच्या वर गेले.

आता बेट फुल्ल. तरुण पिल्लांना जागाच नाही, त्यामुळे मुलगे बाहेर पडतात आणि मुली बऱ्याचदा आईबापाकडेच राहून अंडं उबवायला, पुढच्या पिल्लाला भरवायला मदत करतात. पण किडे कमी असतील तर हीच मुलगी खायला वाटेकरी! यान कोमडूर या संशोधकाने १९९७ मध्ये दाखवलं की मदतनीस नसलेल्या जोड्यांमध्ये, कमी किड्यांच्या जागेत ७७ टक्के पिल्लं नर आणि भरपूर किड्यांच्या जागेत फक्त १३ टक्के. भारी जागेत दोन मदतनीस आधीच असले तर परत नर, आणि त्यातला एक मदतनीस काढून घेतला की त्याच जोडीची बहुतेक पिल्लं मादी!

हे जमतं कारण पक्ष्यांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं नरात झेड-झेड आणि मादीत झेड-डब्ल्यू. अंडपेशी तयार होताना झेड आणि डब्ल्यूपैकी एक अंडपेशीत राहतं, दुसरं ध्रुवीय पिंड नावाच्या बारक्या पेशीत जाऊन वाया जातं, म्हणजे नराचा शुक्राणू पोचायच्या आधीच लिंग ठरलेलं असतं.

माणसात बरोबर उलटं आहे, वाय येतं ते बापाकडून. तरी मुलगी झाली की आपल्याकडे अजून सुनेलाच बोल लावतात आणि पुत्रप्राप्तीच्या पुड्या विकतात, हा निव्वळ खोटेपणा आहे आणि गुन्हा पण.

कझिनवरून १९८८ मध्ये २९ पक्षी सेशेल्समधल्याच एराइड बेटावर नेले. ते बेट क्रिस्टोफर कॅडबरी या ब्रिटिश निसर्गसंरक्षकाने १९७३ मध्ये पक्ष्यांसाठीच विकत घेतलं होतं. मग कुझीन, डेनिस, फ्रेगेट, ही पण खासगीच. जगातले बहुतेक सगळे सेशेल्स वॉर्बलर आज या पाच बेटांवर आहेत.