शेतावर कोंबडा सापडलाय? आधी खुराड्याचं दार लावून घ्या

आमच्याकडून पिल्लं नेणारे बरेच जण मावळ-मुळशीकडचे, दहा-वीस गावरान कोंबड्या हौसेनं पाळणारे. दर पावसाळ्यात त्यांचा ठरलेला फोन येतो. "दादा, सकाळपासून बांधावर एक कोंबडा हिंडतोय, कुणाचा कळत नाही, काय करू?" हा फोन त्याच दिवशी आला तर आम्हाला आनंदच आहे. पण बहुतेक वेळा तो आठवड्यानं येतो आणि तोवर प्रश्न बदललेला असतो. "तुमच्याकडून नेलेल्या कोंबड्या का मरतायत?"

कोंबडा येतो कुठून, तर एकदिवसाची पिल्लं नर-मादी मिसळून विकली जातात. त्यात निम्मे नर निघणारच. चार महिन्यांनी ते पहाटे चारला आरवायला लागतात, शेजारी भांडतात, मग कुणीतरी रात्री गाडी थांबवून एखादा तुमच्या कुंपणाशी सोडून जातो. असं जनावर उपाशी मरायला सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, पण सोडणारा काही नाव सांगून जात नाही. कधी तो शेजारच्या वस्तीवरचा चुकलेलाही असतो, म्हणून आधी गुराख्याला आणि आसपास विचारा. देवाला सोडलेला असला तर गावातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पिसांवर हळदकुंकू दिसलं म्हणून काही जण घाबरतात. आमची भीती वेगळी आहे: हळदकुंकू धुऊन जातं, रोग जात नाही.

दिवसा त्याच्यामागे पळू नका, दमाल. अंधार पडला की तो फांदीवर बसतो, त्याला नीट दिसत नाही, तेव्हा दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचला. पाय धरून उलटा लटकवू नका. आधी पाणी, त्यात चिमूटभर गूळ. मग मूठभर तांदळाची कणी किंवा बाजरी. उपाशी पक्ष्यापुढे पहिल्याच रात्री पाटी भरून दाणे ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. "एकटाच आहे बिचारा" म्हणून त्याच संध्याकाळी त्याला आपल्या कोंबड्यांत सोडू नका. आमचा सगळ्यात जास्त वेळ या एका चुकीत जातो. मागच्या पावसाळ्यात एका ग्राहकानं असाच एक तांबडा, ऐटदार कोंबडा खुराड्यात घेतला. सहाव्या दिवशी हिरवी हगवण, मग माना वाकड्या. बावीसपैकी चार कोंबड्या उरल्या. तांबडा मात्र खुराड्यावर उभा राहून आरवत होता.

"पण दिसायला ठणठणीत होता हो!" असणारच. मानमोडी, म्हणजे राणीखेत, लागण झाल्यापासून दिसायला दोन ते पंधरा दिवस घेते. लस झालेला पक्षी स्वतः आजारी न पडता विषाणू बाहेर टाकू शकतो. घुरघुरीच्या जुनाट आजारातून उठलेला पक्षी तर बरा दिसूनही जन्मभर तो आजार बाळगतो.

म्हणून एकवीस दिवस वेगळा. रवण बसवल्यावर, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवल्यावर, पिल्लांसाठी एकवीस दिवस थांबताच ना, तेवढेच इथंही थांबा. खुराड्यापासून निदान चाळीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, किंवा जाळीच्या पिंजऱ्यात. त्याचं भांडं वेगळं, तिकडे जायची चप्पल वेगळी. दाणापाणी आधी आपल्या कोंबड्यांना, शेवटी त्याला, मग साबणानं हात. उलट्या क्रमानं केलंत तर डालग्याचा उपयोग शून्य.

या दिवसांत त्याला हातात घेऊन बघा. शेपटीखालची पिसं फुंकरीनं बाजूला करा. मुळाशी पांढरे गोळे चिकटलेले दिसले तर ती उवांची अंडी. पायाचे खवले उचललेले, खडबडीत असतील तर खरजेचे किडे आहेत, करंजाचं तेल चोळा. नाकाशी फेस, डोळ्यात पाणी किंवा श्वासाला घरघर असेल तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. पक्षी एकाएकी पटापट मरायला लागले तर कापू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कळपच्या कळप मारावे लागले, हे आमच्या धंद्यातला कुणी विसरलेला नाही. मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा, वर चुना.

एकवीस दिवस सुखरूप गेले तर चार दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकांना बघू द्या, मग संध्याकाळी आत सोडा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. आधीचा असेल तर दोघांची जुंपेल. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. आणि त्याला अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य कायम देऊ नका, त्यातला चुना त्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

"मग तुम्हीच घेऊन जा की!" नाही. राग मानू नका. आमच्याकडे अंड्यावरचा कळप आहे. फाटकाशी चुन्याचा पट्टा आहे, तो ओलांडून बाहेरचा पक्षी आत येत नाही. माझ्या मेव्हण्याचा कोंबडाही मी परत पाठवलाय.

आमच्याकडून मिळेल ते एवढंच: वेगळं ठेवायला डालगं भाड्यानं, आणि दर रविवारी सकाळी फाटकाबाहेर लसीकरण. राणीखेतची कुपी शंभर मात्रांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून दहा कोंबड्यांचा मालक लसच टाळतो. पाच-सहा जण मिळून आलात तर कुपी वाटून जाते. आठव्या आठवड्यातली टोचणी झालेल्या, तीन महिन्यांच्या तलंगाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, आमच्याकडे मिळतात. त्या घेतल्या तर नराचा प्रश्नच उरत नाही. पिल्लांपेक्षा महाग आहेत, पण तीन महिन्यांचं खाद्य आम्ही घातलेलं असतं.

सापडलेला कोंबडा रविवारी सोबत आणू नका. फोटो पाठवा. सगळे तुऱ्याचा आणि शेपटीचा पाठवतात; आम्हाला पायांचा आणि विष्ठेचा हवा.