पिवळी पडलेली टाकुमार

पांढऱ्या कागदावर तीन लेन्स ओळीने ठेवा, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि वरून आरपार बघा. पहिलीतून कागद पांढराच दिसतो. दुसरीतून मधासारखा पिवळा, तिसरीतून जरा फिका पिवळा. तिन्ही लेन्स जपानच्या आसाही कंपनीच्या, तिन्ही ५० मिमी, एफ/१.४ (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं), तिन्हींवर नाव टाकुमार. (कंपनीच्या संस्थापकांचे भाऊ ताकुमा काजिवारा हे अमेरिकेत स्थायिक झालेले छायाचित्रकार आणि चित्रकार होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं.) जुन्या लेन्सच्या शौकिनांमध्ये यातली ‘चांगली’ कोणती यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. माझ्या मते त्यातला अर्धा वाद लेन्सच्या रचनेचा नाहीच, तिच्या वयाचा आहे.

सुपर टाकुमार १९६४ साली स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याच्या सोबतीने आली. पहिल्या आवृत्तीत आठ भिंगं होती आणि त्यातली तीन एकमेकांना चिकटवलेली. तीन भिंगांचे वक्र एकमेकांत अचूक बसवून, मध्यरेषा न ढळता चिकटवायचे, म्हणजे किचकट आणि महागडं काम. थोड्याच काळात सात भिंगांची नवी रचना आली, नाव मात्र तेच राहिलं. ओळखायची कशी? अवरक्त फोकससाठी असलेली लाल खूण बघा. आठ भिंगांच्या लेन्सवर ती डेप्थ-ऑफ-फील्डच्या (कुठून कुठपर्यंतचं स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) पट्टीवरल्या ४ च्या उजवीकडे असते, सातवालीवर डावीकडे. शिवाय आठवालीचं मागचं भिंग जास्त बाहेर आलेलं असतं. या एका लाल रेघेवर किंमत ठरते, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

एक भिंग कमी करूनही प्रतिमा बिघडली नाही, कारण काच बदलली होती. काचेकडून भिंग घडवणाऱ्याच्या दोन मागण्या असतात: प्रकाश भरपूर वाकव, पण वाकवताना त्याचे रंग फाकवू नकोस. साधारणपणे वक्रीभवनांक (काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) वाढला की रंगही जास्त फाकतात. काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलं, की वक्रीभवनांक वाढतो आणि रंग मात्र बऱ्यापैकी आटोक्यात राहतात. मग भिंगाला फार पोट द्यावं लागत नाही. वक्र जितका सौम्य, तितकं काठावरून येणाऱ्या किरणांचं चुकीच्या जागी जाणं कमी. एफ/१.४ सारख्या मोठ्या तोंडाच्या लेन्सला नेमकं हेच हवं असतं.

पण थोरियम किरणोत्सारी आहे. त्याच्या किरणांमुळे काचेतले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि रचनेतल्या बारीक दोषांमध्ये अडकून बसतात. अडकलेले हे इलेक्ट्रॉन निळा प्रकाश शोषतात, म्हणून काच पिवळी दिसते. थोरियमचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षं, म्हणजे पन्नास-साठ वर्षांत थोरियम जवळपास तेवढंच उरतं. उलट एक गंमत आहे. शुद्ध करताना थोरियमपासून रेडियम वेगळं होतं आणि ते पुन्हा साठायला काही दशकं लागतात. त्यामुळे कारखान्यातून निघाल्यावर पहिल्या काही वर्षांत होती, त्याहून आज ही लेन्स थोडी जास्तच किरणोत्सारी असते. घाबरून फेकून द्यावी असं यात काही नाही. अल्फा कण कागदानेही अडतात आणि बाकीचे किरण अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. फक्त ती काच घासू नये, फोडू नये आणि आयपीस म्हणून तासन्‌तास डोळ्याला लावू नये.

पिवळेपणा घालवता येतो. अतिनील प्रकाशाने अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत काच निवळत जाते. मी पहिल्यांदा लेन्स सरळ उन्हात ठेवली आणि पडद्याला तपकिरी भोक पाडून घेतलं. एम४२ माउंटपासून (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथून) फिल्म साडेचार सेंटीमीटरच्या थोडी पुढे असते, ऊनही तिथेच एकवटतं, आणि पडद्याची घडी नेमकी तिथेच आली होती. आता मी अतिनील एलईडी दिवा आणि खाली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल वापरतो.

१९७१ साली सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार आली. भिंगांची रचना सातचीच, बदललं ते वरचं कोटिंग, म्हणजे प्रकाश परतू न देणारा पातळ लेप. १.५ वक्रीभवनांकाच्या उघड्या काचेवरून प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, आणि १.८ च्या काचेवरून ८ टक्के. म्हणजे थोरियमची काच कोटिंगवाचून अधिकच अडचणीची. सहा गटांचे बारा पृष्ठभाग धरले आणि प्रत्येकी ४ टक्केच गेले असं मानलं, तरी शेवटी ६१ टक्के प्रकाश उरतो. परतलेला प्रकाश आत इकडेतिकडे आपटून सावल्या राखाडी करतो, ते वेगळंच. एकाच थराचं कोटिंग एखाद्या रंगासाठी उत्तम जमतं, अनेक थरांचं बहुतेक सगळ्या रंगांसाठी. हा फरक बघायचा तर चौकटीच्या कोपऱ्यात पेटता दिवा घ्यावा. ढगाळ दिवशी सावलीत दोघींचे फोटो मला तरी वेगळे ओळखता येत नाहीत.

आणि इथेच बहुतेक तुलना फसतात. कॅमेरा ऑटोवर असतो, तो पिवळ्या लेन्ससाठी गुपचूप शटर लांबवतो आणि व्हाइट बॅलन्समध्ये (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगांच्या जुळवणीत) निळा वाढवतो. रंग बरोबर दिसतात, पण निळ्या चॅनेलला मुळात प्रकाशच कमी मिळालेला असतो, त्यामुळे सावल्यांमध्ये खरखर उठते. मग निकाल लागतो, ‘आठवाली जास्त स्वच्छ.’ तिच्यात थोरियम नाही, त्यामुळे ती पिवळी पडलीच नाही, एवढंच कारण असू शकतं. शटर हाताने ठरवा, रॉ फाइलमधला (कॅमेऱ्याने रंग न जुळवलेल्या मूळ फाइलमधला) निळा चॅनेल वेगळा काढून बघा, आणि सातवालीला आधी अतिनील दिव्याखाली ठेवा. माझ्या दोन सातवाल्यांपैकी एक मात्र मी मुद्दाम तशीच पिवळी ठेवली आहे. कृष्णधवल फिल्मवर ती आकाश गडद करते आणि ढग उठून दिसतात, वेगळा पिवळा फिल्टर लावावा लागत नाही.