एक किलो पापड, एक किलो कुरडया: चेकआउटला दोघांचं भाडं वेगळं का येतं

शाळेत सगळ्यांनीच एकमेकांना फसवलंय, एक किलो लोखंड जड का एक किलो कापूस, आणि जो लोखंड म्हणाला तो गेला. आता हाच प्रश्न कुरिअरवाल्याला विचारा, तो डोळे झाकून कापूस सांगेल. आणि आपण खान्देशातली माणसं, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, निघालेला कापसाचा ट्रक बघतच मोठे झालोय, दोन्ही बाजूंनी फुगलेला, मागून ओव्हरटेक करायची सोय नाही, जागा कधीच संपलेली असते पण वजनाची मर्यादा अजून लांब असते. मग गाडीवाल्याने भाडं कशाचं घ्यायचं, किलोचं का अडवलेल्या जागेचं? ऑनलाइन दुकानाच्या चेकआउटला शिपिंगचा जो आकडा येतो ना, त्याचं सगळं भांडण इथंच आहे.

दोन वजनं असतात. एक डेड वेट, म्हणजे पॅक केलेला बॉक्स काट्यावर ठेवला की दिसतं ते. दुसरं व्हॉल्युमेट्रिक, ते काट्यावर दिसतच नाही, टेप लागतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले 5000. काही कुरिअरवाले 4000 ने भागतात, म्हणजे तोच बॉक्स अजून जड, त्यामुळे रेट बघायच्या आधी हा आकडा बघा. विमानाच्या मालाला 6000 चा हिशोब जुना आहे. 5000 चा अर्थ एवढाच, की एक घनमीटर जागा अडवली तर 200 किलो धरणार, आत कापूस असो का हवा. आणि दोन्हीपैकी जे जास्त त्यावर बिल, त्याला चार्जेबल वेट म्हणतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही, वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं ते पैसे गेल्यावर. अमळनेरच्या वहिनींसाठी साइट केली होती, उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या कुरडया, सगळं चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवलेलं. शिपिंगचा नियम मी एकच टाकला, पहिल्या अर्ध्या किलोला 50 आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 40. पुण्याची ऑर्डर आली, एक किलो कुरडया, 420 रुपये. पॅकिंगसकट 1.4 किलो, वर चढवून 1.5, म्हणजे शिपिंग 130, टोटल 550, मी खूश.

आठवड्याने कुरिअरच्या पॅनलमधून पैसे कापले गेले, समोर लिहिलेलं वेट डिस्क्रेपन्सी, म्हणजे आपण सांगितलेलं वजन आणि त्यांनी धरलेलं वजन जुळत नाही. कुरडया मोडू नयेत म्हणून वहिनींनी घेतलेला बॉक्स 40 बाय 30 बाय 25 चा. करा गुणाकार, 30000, भागिले 5000, सहा किलो! त्याच दराने सहा किलोचं भाडं 490, त्यावर 18 टक्के जीएसटी (तो तर मी नियमात धरलाच नव्हता, ती अजून वेगळी हुशारी), झाले 578 रुपये 20 पैसे. गिऱ्हाइकाकडून सगळे मिळून घेतले 550. म्हणजे कुरडया फुकट आणि वर 28 रुपये 20 पैसे आपल्याच खिशातून. वहिनी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, हाई काय शे?" (हे काय आहे?) काय सांगणार, काटा खोटा नव्हता आणि टेपही खोटा नव्हता.

पापडाचं उलटं. एकावर एक गठ्ठा बसतो, एक किलोला 20 बाय 20 बाय 10 चा बॉक्स पुरतो, व्हॉल्युमेट्रिक 0.8 किलो, काट्यावर 1.15. इथं काटा जिंकतो, 1.5 चं भाडं, 130 अधिक जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे. दोन्ही माल एक किलोच, पण एकाचं भाडं दुसऱ्याच्या जवळपास पावणेचारपट.

आता खरी गडबड कुठं होते, तर गिऱ्हाईक कार्टमध्ये दोन्ही टाकतं तेव्हा. समजा तीन किलो पापड आणि एक किलो कुरडया. बरेच जण प्रत्येक वस्तूपुढे "जे जास्त ते" लावतात आणि मग बेरीज करतात, पापडाचे तीन, कुरडयांचे सहा, झाले नऊ. हे चूक. डेड वेटची बेरीज बिनधास्त करा, तीन आणि एक चार, पॅकिंग धरून साडेचार. पण व्हॉल्युमेट्रिक हे वस्तूचं नसतंच, बॉक्सचं असतं. पापड तळाला लावून वर कुरडया रचल्या आणि बॉक्स 40 बाय 30 बाय 30 चा झाला तर 36000 भागिले 5000, 7.2 किलो. साडेचार आणि 7.2 मध्ये मोठं 7.2, चढवून साडेसात. नऊ लावले असते तर गिऱ्हाइकावर दीड किलोचा, म्हणजे 120 रुपयांचा भुर्दंड, आणि एवढं शिपिंग बघून माणूस कार्ट सोडून पळतो. तुलना पार्सलवर एकदाच, आणि अर्ध्या किलोला चढवणं पण शेवटी एकदाच, नाहीतर काळ्या मसाल्याचे 600 ग्रॅमचे तीन पुडे प्रत्येकी एक किलो होऊन तीन किलो दिसतात, खरे असतात 1.8, म्हणजे दोन.

अजून एक खड्डा म्हणजे इंच. बॉक्सवाला बोलतो इंचात, "बारा-दहा-आठचा देऊ का", आणि आपण तेच आकडे साइटवर सेंटिमीटरच्या रकान्यात भरतो. 960 भागिले 5000, दोनशे ग्रॅम पण नाही, वा! खरं म्हणजे एक घनइंच 16.387 घनसेंटिमीटर, तोच बॉक्स 3.15 किलोचा निघतो. आणि माप बाहेरून घ्या, कुरिअरवाला आत टेप घालत नाही.

वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाची साइट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर वस्तूपुढे वजन आणि मापं दोन्हीचे रकाने आहेत, पण मापं भरली म्हणजे साधा फ्लॅट रेट (ठरलेल्या भाड्याचा पर्याय) 5000 ने भागायला बसतो असं नाही, त्याला वेगळं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, लागतं नाहीतर शिपिंग क्लास, म्हणजे वेगळ्या भाड्याचा गट, करून कुरडयांना जास्तीचा दर लावा, मी तेच केलं.

डिस्क्रेपन्सीचं म्हणाल तर वाद झाला तर दाखवायला आता प्रत्येक पार्सलचे फोटो काढतो, एक काट्यावर, तीन टेप लावून. आणि वहिनींनी यंदा साचा तोच ठेवून कुरडया तळहाताएवढ्या घातल्या, एक किलो 30 बाय 25 बाय 20 मध्ये बसतात, तीन किलो, जीएसटीसकट 295. मोडलेल्यांचा चुरा वेगळा बांधून विकतात, कुरडईच्या भाजीला लोक तो आधी मागतात, आणि चुऱ्याचा पुडा पापडासारखाच काट्यावर जिंकतो.