ग्रामीण बांधकाम परवानगी (महाराष्ट्र)

ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर किंवा दुसरी कोणतीही इमारत बांधण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा पाडून पुन्हा उभारण्यासाठी घ्यावी लागणारी कायदेशीर मंजुरी. महाराष्ट्रात ती कोणाकडे मागायची हे घर केवढे आहे यापेक्षा जागा कुठे आहे यावर जास्त अवलंबून असते. गावठाणातली जागा, गावठाणाला लागून असलेली जागा आणि शेतजमीन या तिन्हींना वेगवेगळे कायदे लागतात, आणि अर्जदाराची निम्मी दमछाक आपली जागा यांपैकी कशात मोडते हे सिद्ध करण्यातच होते.

गावठाणाची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी ठरवतात. बहुतेक गावठाणे फार जुनी आहेत. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, पण हद्द तेवढीच राहिली. त्यामुळे नवी वस्ती हद्दीबाहेर रस्त्याच्या कडेने सरकत गेली. गावठाणातल्या बांधकामासाठी ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते. जिथे प्रादेशिक योजना (कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा सरकारी आराखडा) लागू आहे तिथे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १८ येते आणि गावठाणाबाहेर परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पुण्याभोवतीच्या गावांत २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तिथल्या माणसाला ग्रामपंचायत, तहसील आणि प्राधिकरण अशी तीन दारे माहीत असावी लागतात.

लहान घरांसाठी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ही वाट बरीच सोपी केली. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या (१५० चौ.मी.) भूखंडावर बांधायचे असेल, तर मालकीची कागदपत्रे, जागेचा व इमारतीचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क भरल्याची पावती ग्रामपंचायतीत दाखल केली की पुरे. ३,२०० चौरस फुटांपर्यंत (३०० चौ.मी.) विकास शुल्क भरून घेऊन ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) द्यायचे असते. त्याहून मोठ्या भूखंडासाठी नगररचनाकाराकडे जावे लागते. ही सूट छाननीपुरती आहे, नियमांपुरती नाही. सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, रस्त्याची रुंदी यांचे नियम तसेच राहतात आणि ते पाळल्याची हमी अभियंत्याच्या सहीवर येते. डिसेंबर २०२० मध्ये आलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे, प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही.

सगळे अडते ते मालकीच्या कागदावर. गावात विचारले तर घराचा उतारा म्हणून नमुना ८ पुढे केला जातो. ती ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढेच ती सांगते, मालकी सिद्ध करत नाही. (तलाठ्याकडचा ८-अ हा पुन्हा वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींची गल्लत रोजची.) दोन हजारांहून जास्त लोकवस्तीच्या गावठाणांचे नगर भूमापन संहितेच्या कलम १२६ खाली होऊ शकते, लहान गावठाणांना मात्र घरनिहाय नकाशाच नव्हता. ही उणीव भरण्यासाठी ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तिचा प्रयोग झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली. मोजणीनंतर मिळणारी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बँक मानते. नमुना ८ वर बँक सहसा समाधान मानत नाही.

गावठाणाबाहेर पहिला प्रश्न अकृषिक वापराचा, म्हणजे बोलीभाषेत ‘एनए’चा. संहितेच्या कलम ४४ खालची ही परवानगी पूर्वी स्वतंत्र घ्यावी लागे. नंतर ४२-अ ते ४२-ड ही कलमे आली आणि अट सैल होत गेली. ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, प्रादेशिक योजनेत निवासी वापर बसत असेल तर, आकारणी भरून अकृषिक मानली जाऊ लागली. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी अटींनी बांधलेली) असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम). शेतीच्या सोयीसाठी शेतघर बांधायला कलम ४१ मुभा देते, पण मोठ्या शहरांभोवतीच्या पट्ट्यात त्यालाही परवानगी लागते.

गुंठ्यांच्या खरेदीने इथे सर्वांत जास्त लोक फसले आहेत. १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा घ्यायचा, चार भिंती उभ्या करायच्या आणि मग परवानगीला जायचे, असा प्रकार. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्राहून (कायद्याने ठरवलेले किमान क्षेत्र) लहान शेतजमिनीच्या तुकड्याची विक्री चालत नाही. २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी २० व बागायतीसाठी १० गुंठे झाले, तरी एका घराच्या तुकड्याला ते मोठेच. सातबारावर नाव लागत नसे, म्हणून परवानगी मिळत नसे. २०२५ मध्ये योजनेतल्या निवासी क्षेत्रांपुरती ही बंदी सैल झाली.

कोकणात अडचण निराळी. सातबारा सामाईक, त्यावर चुलत-चुलत भावंडांची नावे, निम्मी मंडळी मुंबईत, काहींचे वारसही लागलेले नाहीत. घर एकाने बांधायचे असले तरी संमतीपत्रे सगळ्या सहहिस्सेदारांची लागतात. जुन्या घराची दुरुस्ती म्हणून नवे घर उभे राहते, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

प्रत्यक्षात गावाकडे घर आधी होते आणि नमुना ८ ला ‘नोंद लावणे’ नंतर. परवानगीची आठवण होते ती गृहकर्जाच्या वेळी. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते, ती दरवर्षी वाढवून घेता येते. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर राहायला जाण्याचा दाखला) मात्र गावात फारच थोडे लोक घेतात. परवानगीविना झालेल्या बांधकामाला नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस निघू शकते.

डहाणू (१९९१), महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत. तिथे वरच्या सवलती गृहीत धरता येत नाहीत. किनाऱ्यावर सागरी नियमन क्षेत्राचे बंधन येते.

शेजारच्या गोव्यात बांधकाम परवाना पंचायतच देते, १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली. पण त्याआधी नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि शेतजमीन असेल तर रूपांतराची सनद हातात असावी लागते.