खुळखुळ्याची जात ओळखताना पान बघायचं की फूल?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटीकडं पाऊस ओसरला की माळावर आणि रस्त्याकडंला पिवळी फुलं दिसायला लागतात, पुढं शेंगा वाळल्या की नुसता धक्का लागला तरी आतल्या बिया वाजतात, म्हणून मराठीत खुळखुळा नायतर घागरी, कन्नडात गिजिगिजी. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये या जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, क्रोटालारिया नाव दिलं ते पण ग्रीकमधल्या खुळखुळ्यावरनंच. खतासाठी रानात गाडायला पेरतो तो ताग यातलाच, पण तो एका हंगामाचा. रानटी जातींत काही वर्षभरात संपतात, काही बुडाशी लाकडासारख्या होऊन पुढच्या पावसात परत फुटतात.

लिनियसच्या आधी मलबारचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं केरळातल्या झाडांवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३, बारा खंड, त्यात ही झाडं 'तंडले-कोट्टी' नावानं आलीत. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, हे आपल्या लोकांना माहीत असायलाच पाहिजे.

खरी अडचण पुढं झाली. जगात जवळपास ७०० जाती, त्यातल्या ५०० च्या वर आफ्रिकेत, एवढ्यांची वाटणी करायची कशी? इंग्रज वनस्पतीतज्ज्ञ बेंथमनं १८४३ मध्ये मुख्य आधार पानाचा धरला, साधं एक पान का तीन पानांचं, आणि ते सोपं असल्यामुळं लोकांच्या हाताला तीच सवय लागली. पण नुसतं पान धरलं तर लांबच्या नात्यातल्या जाती एकत्र येतात. लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानातल्या पोलहिलनं आफ्रिकेतल्या जातींचं काम करताना फुलाकडं लक्ष वळवलं, त्याचं मोठं पुस्तक १९८२ चं, आणि २०१३ मध्ये डीएनए आणि फूल दोन्ही धरून ११ गट पाडले गेले.

फुलात काय बघायचं ते सांगतो. गेल्या दिवाळीत जांबोटीच्या वाटेवर एक फूल सोलून बघितलं. खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी होते, तिचं टोक चोचीसारखं निमुळतं, होडी हळूच दाबली की चोचीतनं पिवळा पराग बाहेर येतो, माशी बसली की हेच होतं. आत दहा पुंकेसर, पाचांची डोकी लांबट, पाचांची बारीक गोल, आलटून पालटून. हे दिसलं की जीनस पक्की. जात ठरवायला मग चोच सरळ का पिळलेली, बाहेरचा हिरवा पेला केवढा, शेंगेवर लव आहे का, हे बघा, आणि मूळ बघितल्याशिवाय बहुवर्षायू, म्हणजे बरीच वर्षं जगणारी, म्हणून लिहू नका, नुसती फांदी तोडून आणली की तिथंच फसायला होतं.

आमच्या भागाची अजून एक गोष्ट. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडं, मग कर्नाटकाकडं, त्यामुळं इथल्या जुन्या नोंदी डालझेल-गिब्सनच्या १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'त (फ्लोरा म्हणजे एका भागातल्या झाडांची नोंदवही) आणि कुकच्या १९०१ ते १९०८ च्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात शोधायच्या, आणि नंतरच्यासाठी साल्दान्हांचा 'फ्लोरा ऑफ कर्नाटक', पहिला खंड १९८४ चा, त्यात शेंगांचं कूळ आहे. एकच पुस्तक उघडून बसलात तर अर्धी माहिती राहते. मी दोन्हीकडची नावं एका वहीत समोरासमोर लिहून ठेवतोय, जांबोटीचा तो खुळखुळा अजून त्यात कोऱ्या ओळीवर आहे, शेंगा वाळल्या की परत जाणार.